गर्भाची जीवनक्षमता आणि गर्भपाताचा निर्णय : चोविसाव्या आठवड्यानंतर नेमके काय बदलते?

तळटीप (प्रश्न)

नमस्कार. मी महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेले एक प्रकरण यंदा नीतिशास्त्राच्या वर्गात चर्चेला घेतले होते. त्यातून उभा राहिलेला प्रश्न माझ्याच्याने सुटत नाही, म्हणून येथे मांडत आहे.

दिल्लीची २७ वर्षांची विवाहित स्त्री, पदरी दोन मुले, त्यातले धाकटे अंगावर पिणारे. दुसऱ्या बाळंतपणानंतर जडलेल्या मानसिक आजारावर तिचे उपचार चालू होते. मूल अंगावर पीत असल्यामुळे पाळी सुरूच झालेली नव्हती, त्यामुळे पुन्हा दिवस गेल्याचे लक्षात आले तेव्हा कायद्याने दिलेली चोवीस आठवड्यांची मुदत संपलेली होती. ९ ऑक्टोबरला न्या. हिमा कोहली आणि न्या. बी. व्ही. नागरत्ना यांच्या खंडपीठाने तिला गर्भपाताची परवानगी दिली. दुसऱ्याच दिवशी एम्सच्या वैद्यकीय मंडळातील एका डॉक्टरांनी कळवले की हा गर्भ जिवंत जन्माला येण्याची दाट शक्यता आहे. तेव्हा प्रसूतीआधी त्याचे हृदय थांबवायचे की नाही, हे न्यायालयाने स्पष्ट सांगावे. त्यावर ११ ऑक्टोबरला त्याच दोन न्यायमूर्तींमध्ये मतभेद झाला. न्या. कोहली यांना हृदयाचे ठोके थांबवण्याचा आदेश देणे मान्य नव्हते, तर गर्भ आईवरच अवलंबून असल्यामुळे तिच्या निर्णयाचा मान राखला पाहिजे, असे न्या. नागरत्ना यांचे म्हणणे होते. अखेर १६ ऑक्टोबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या तीन सदस्यांच्या पीठाने परवानगी नाकारली. गर्भ २६ आठवडे ५ दिवसांचा आहे, आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही आणि गर्भात गंभीर व्यंगही नाही, ही त्यामागची कारणे. प्रसूतीचा खर्च सरकारने करावा आणि मूल दत्तक द्यायचे की नाही हे आईवडिलांनी ठरवावे, असे पीठाने सांगितले.

माझा प्रश्न या निकालाच्या बरोबर-चूकपणाविषयी नाही, त्याच्या पायाविषयी आहे. गर्भ आईच्या शरीराबाहेर जगू शकेल अशा अवस्थेला, म्हणजे जीवनक्षमतेला, पोचला की त्याला संरक्षण द्यायचे, ही कल्पना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ च्या ‘रो विरुद्ध वेड’ निकालात केंद्रस्थानी आणली आणि २०२२ मध्ये तो निकाल रद्द होईपर्यंत तिथला सगळा वाद तिच्याभोवती फिरत राहिला. पण २३ आठवड्यांच्या गर्भात आणि २५ आठवड्यांच्या गर्भात असा कोणता फरक आहे, की एकाच्या बाबतीत आईचा शब्द अखेरचा ठरावा आणि दुसऱ्याच्या बाबतीत ठरू नये? फरक फुप्फुसांचा आहे असे कोणी म्हणेल, तर फुप्फुसांची वाढ हा नैतिक दर्जाचा निकष कसा होऊ शकतो? मुंबईच्या मोठ्या रुग्णालयाच्या आवारात जो गर्भ जगण्याजोगा ठरतो, तोच धडगावच्या पाड्यावर ठरत नाही. एखाद्या जिवाचे मोल जवळ व्हेंटिलेटर आहे की नाही यावर अवलंबून असते, असे मानायला माझे मन तयार होत नाही. आणि जीवनक्षमतेला काहीच अर्थ नाही असे म्हणायलाही ते तयार होत नाही. कायद्याची कलमे मला वाचता येतात, त्यांच्यामागचा विचार समजून घ्यायचा आहे.

सदाफुली

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि जिल्ह्याच्या गावी काम करते. तुमच्या प्रश्नाचे तात्त्विक उत्तर देण्याआधी, ज्याला आपण जीवनक्षमता म्हणतो ते प्रत्यक्षात कसे दिसते हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण न्यायालयीन चर्चेत ती एखाद्या तारखेसारखी वापरली जाते आणि ती तशी नसते.

चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाचे वजन साधारण ६०० ते ६५० ग्रॅम असते. त्वचा इतकी पातळ की खालच्या शिरा दिसतात, आणि पापण्या बहुधा अजून चिकटलेल्या असतात. फुप्फुसातले वायुकोश उघडे ठेवणारा द्रव याच सुमारास तयार होऊ लागतो, पण पुरेसा नसतो. म्हणून लवकर प्रसूती होणार असे दिसले तर आम्ही आईला गर्भाच्या फुप्फुसांच्या वाढीला चालना देणाऱ्या बीटामेथाझोनची दोन इंजेक्शने चोवीस तासांच्या अंतराने देतो आणि बाळाला जन्मल्यावर तो द्रव नळीतून फुप्फुसात सोडतात. पुढे कित्येक आठवडे ते बाळ काचेत असते. मेंदूतला रक्तस्राव, डोळ्यांच्या पडद्याचा विकार, आतड्यांचा दाह, जंतुसंसर्ग या सगळ्यांतून ते वाचले तर घरी जाते आणि वाचलेल्यांपैकी काही मुलांना आयुष्यभराचे अपंगत्व राहते. अमेरिकेतील अलाबामात २०२० मध्ये २१ आठवडे १ दिवसाचे बाळ जन्मले आणि जगले, हे खरे आहे. पण त्याच्याबरोबर जन्मलेले त्याचे जुळे भावंड वाचले नाही, हेही तितकेच खरे आहे. सातमाशी मूल जगते आणि आठमाशी जगत नाही, असे आमच्याकडे म्हाताऱ्या बायका अजूनही ठामपणे सांगतात. ते चूकच आहे, पुढच्या प्रत्येक आठवड्यागणिक जगण्याची शक्यता वाढतच जाते. मात्र कोणत्याही एका दिवशी ती शून्यावरून शंभरावर जात नाही.

दुसरी गोष्ट आठवड्यांच्या मोजणीची. गर्भाचे वय आम्ही शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतो. पहिल्या तीन महिन्यांत सोनोग्राफी झाली असेल तर ते काही दिवसांच्या फरकाने नक्की सांगता येते. पण माझ्याकडे पाळीची तारीख आठवत नसलेली बाई सहाव्या महिन्यात पहिल्यांदा येते, तेव्हा यंत्रावर ‘२४ आठवडे ३ दिवस’ असे छापून आले तरी त्यात दोन आठवड्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकते. गर्भाच्या डोक्याचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजून यंत्राने काढलेला तो सरासरी अंदाज असतो. त्या कागदावरच्या तीन दिवसांमुळे माझ्या समोर बसलेल्या बाईला न्यायालयात जावे लागणार की नाही, हे ठरते.

आणि एवढ्या उशिरा येते कोण? कुमारिका, जिच्या घरी पोट दिसू लागल्यावर कळले. चाळिशी ओलांडलेली बाई, जिला वाटले पाळी जाण्याचे दिवस आले. ऊसतोडीहून परतलेली, जिला मधल्या काळात दवाखाना दिसलाच नाही. आणि जिला मूल हवे होते ती, जिच्या अठराव्या-विसाव्या आठवड्याच्या तपासणीत हृदयाचा दोष दिसला, मग हृदयाची वेगळी सोनोग्राफी करायला मोठ्या शहरात जावे लागले, मग दुसरे मत घेतले, आणि त्यात मुदत संपली. सहा महिने मजेत घालवून अचानक मन बदललेली बाई माझ्या पाहण्यात नाही, आणि या विषयावर घरोघर जी मते मांडली जातात त्यांत मात्र नेमकी तीच गृहीत धरलेली असते, याचे मला फार वाईट वाटते.

वाटसरू

डॉक्टरताईंविषयी पूर्ण आदर ठेवून माझे वेगळे मत मांडतो. जीवनक्षमता हा नैतिक निकष होऊ शकत नाही, या तळटीप यांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलट्या दिशेचा वाटतो. गर्भ आईवर अवलंबून आहे म्हणून त्याचा निर्णय आईचा, असे म्हणायचे तर दोन महिन्यांचे तान्हे मूलही कोणावर तरी अवलंबूनच असते. अवलंबून असणे हे संरक्षण काढून घेण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट जो अधिक परावलंबी, त्याच्याविषयी आपली जबाबदारी अधिक, असेच आपण इतर सर्वत्र मानतो. आपल्या धर्मशास्त्रांनी भ्रूणहत्येला महापातकांच्या पंगतीला बसवले ते फुप्फुसांची वाढ मोजून नव्हे. आजच्या कायद्याने धर्मशास्त्रावर चालावे असे मी म्हणत नाही. परंतु वाढणाऱ्या जिवाबद्दलची ती जाणीव चुकीची होती, असेही मला कोणी पटवून दिलेले नाही.

बलात्कारातून राहिलेला गर्भ किंवा आईच्या जिवावर बेतलेले गर्भारपण, यांविषयी माझा आग्रह नाही. पण आईचा जीव सुरक्षित आहे, मूल निरोगी आहे आणि बाहेर काढले तर जगू शकते, अशा वेळी त्याच्या हृदयात इंजेक्शन देऊन मगच ते बाहेर काढणे याला गर्भारपण संपवणे म्हणता येत नाही. एम्सच्या डॉक्टरांनी नेमके यावरच बोट ठेवले आणि त्यांनी ते ठेवले याबद्दल मला त्यांचे ऋण वाटते.

पिंपळपान

मी उच्च न्यायालयात वकिली करते आणि अशा काही अर्जांत काम केले आहे. वाटसरू यांनी शेवटी जे म्हटले, तिथूनच सुरुवात करते, कारण माझ्या मते तळटीप यांच्या प्रश्नाची किल्ली तिथे आहे, जरी मी तिने वेगळे दार उघडणार असले तरी.

बाविसाव्या आठवड्यापर्यंत स्त्री जेव्हा गर्भपात मागते, तेव्हा त्या एका मागणीत दोन गोष्टी असतात : माझ्या शरीरातले हे गर्भारपण संपवा, आणि हा जीव जन्माला येऊ नये. त्या वेगळ्या करणे शक्यच नसते. पहिली केली की दुसरी आपोआप होते. जीवनक्षमतेच्या टप्प्यानंतर त्या पहिल्यांदाच वेगळ्या होऊ शकतात. आपल्या शरीराचा असा वापर कोणी आपल्यावर लादू नये, हा स्त्रीचा हक्क त्या टप्प्यावर कणभरही कमी होत नाही, कारण तिच्या शरीरात त्या दिवशी काहीच बदललेले नसते. फक्त तो हक्क बजावण्याचा आणखी एक मार्ग उपलब्ध होतो. म्हणून गर्भाचे मोल व्हेंटिलेटरवर अवलंबून नाही, असे मी तळटीप यांना सांगेन. व्हेंटिलेटरवर अवलंबून आहे ते आपल्यापुढे मार्ग किती आहेत हे. बुडणाऱ्या माणसाच्या जिवाचे मोल काठावर दोर असण्या-नसण्याने बदलत नाही, आपले कर्तव्य मात्र बदलते.

हे लक्षात घेतले की ‘रो’ निकालाची अडचणही समजते. त्यात जीवनक्षमता साधारण २८ आठवड्यांना, क्वचित २४ आठवड्यांनाही येते असे म्हटले होते, आणि त्यापुढे राज्याला गर्भपातावर बंदी घालता येईल असे ठरवले होते. म्हणजे नवजात अर्भकांचे वैद्यक जसजसे सुधारेल तसतसा स्त्रीचा हक्क आक्रसत जाणार. न्या. सँड्रा डे ओ’कॉनर यांनी १९८३ मध्येच एका भिन्नमतात हा धोका दाखवून दिला होता. ब्रिटनमध्ये १९९० साली मर्यादा २८ वरून २४ आठवड्यांवर आणली गेली. २०१७ मध्ये फिलाडेल्फियातील संशोधकांनी कोकराचा अपरिपक्व गर्भ द्रवाने भरलेल्या पिशवीत चार आठवडे वाढवून दाखवला. उद्या ते माणसाच्या बाबतीत शक्य झाले तर जीवनक्षमतेच्या रेषेवर बांधलेला कोणताही कायदा जागेवर राहणार नाही.

आपला कायदा त्या रेषेवर बांधलेलाच नाही, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात जीवनक्षमतेचा निकष कोणत्याही कलमात नाही. त्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते, वीस ते चोवीस आठवड्यांत बलात्कारपीडिता, अल्पवयीन मुली, गर्भारपणात विधवा झालेल्या किंवा घटस्फोट झालेल्या स्त्रिया अशा ठरावीक गटांना दोन डॉक्टरांच्या मताने परवानगी आहे, आणि चोवीसनंतर गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले तरच. आईचा जीव वाचवण्यासाठी तातडीने करावा लागला तर कोणतीच मर्यादा नाही. जीवनक्षमतेचा विचार आपल्याकडे शिरला तो न्यायालयांच्या आणि वैद्यकीय मंडळांच्या दाराने, आणि म्हणून एका खंडपीठाकडून दुसऱ्याकडे जाताना त्याचे वजन बदलते. २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकेता मेहता यांना, गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असतानाही, परवानगी नाकारली. त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये, गर्भारपण बत्तीस आठवड्यांच्या पुढे गेलेले असताना, निवड करण्याचा हक्क त्या स्त्रीचा आहे, वैद्यकीय मंडळाचा नव्हे, असे सांगून परवानगी दिली.

एप्रिल २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्याच न्या. अभय ओक आणि न्या. महेश सोनक यांच्या खंडपीठाने दिलेला निकाल मला या सगळ्यांत अधिक विचारपूर्वक वाटतो, जरी तो फारसा चर्चिला जात नाही. गर्भपाताचा प्रयत्न करूनही मूल जिवंत जन्मले तर त्याला उत्तम उपचार मिळाले पाहिजेत, आणि आईवडील जबाबदारी घेण्यास तयार नसतील किंवा असमर्थ असतील तर ती शासनाने घ्यावी, असे त्यात म्हटले आहे. जन्मलेल्या मुलाला पूर्ण संरक्षण, आणि त्यासाठी आईला कैदेत ठेवायचे नाही.

रानजाई

मी वकील नाही, डॉक्टर नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिच्या मणक्याला जन्मतः फट होती, बाविसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत ती दिसली आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनी पडद्यावरून नजर न काढता विचारले, “मग, ठेवणार आहात का?” तेव्हाच्या कायद्याने वीस आठवडे उलटून गेले होते, तरी “व्यवस्था होते” असेही सांगण्यात आले. आम्ही ठेवले. ती खुर्चीवरून फिरते, मेंदूतले पाणी उतरवायला नळी बसवलेली आहे, आणि शाळेत मधल्या सुट्टीत स्वतःची लघवीची नळी स्वतः घालायला ती दुसरीत शिकली.

दुसऱ्या कोणा बाईने असेच करावे असे मी कधीही म्हणणार नाही. माझ्या नवऱ्याची पक्की नोकरी होती, सासूबाईंनी पहिली तीन वर्षे रात्री जागून काढल्या. ज्या घरात हे नाही तिथे मी कोण सांगणार? पण आत्ताच पिंपळपान यांनी सांगितलेले कलम मला फार खुपते. चोवीस आठवड्यांनंतर निरोगी गर्भाचे रक्षण करायला सरकार पुढे येते, आणि गर्भात व्यंग असेल तर तेच सरकार बाजूला होते. मग त्या सरकारला जपायचे आहे ते काय? जगण्याजोगा जीव म्हणून जपायचा असेल तर माझ्या मुलीचाही जपायचा होता. आईचे म्हणणे जपायचे असेल तर दिल्लीच्या त्या बाईचेही जपायचे होते. बाईच्या परिस्थितीकडे पाहून दार उघडा, तर मला मान्य आहे. व्यंगाच्या यादीकडे पाहून उघडता, तेव्हा शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या माझ्या मुलीविषयी तुम्ही काहीतरी बोलत असता, आणि ती आता वर्तमानपत्र वाचते.

तळटीप

सर्वांचे मनापासून आभार. रानजाई, आपण मांडलेली विसंगती माझ्या लक्षातच आलेली नव्हती, आणि वर्गात ती मांडल्याखेरीज मी आता हा विषय शिकवू शकणार नाही. पिंपळपान यांनी केलेली दोन मागण्यांची फोड मला पटते, पण तिच्यात एक गाठ उरते. सव्विसाव्या आठवड्यात मूल जिवंत बाहेर काढले तर आईची सुटका होते खरी, परंतु त्या अकाली जन्माची किंमत मूल आयुष्यभर मोजू शकते. मुलासाठी थांबायचे तर ते आठवडे आईच्या शरीराने काढायचे. डॉक्टरताई, अशी स्त्री तुमच्यासमोर बसली तर तुम्ही काय करता?

सदाफुली

आधी तिला एकटीला बसवून विचारते. नवरा, सासू, आई, पोलीस, कोणीही खोलीत नको. तिला नेमके काय नको आहे हे बहुतेक वेळा तिला कोणी विचारलेलेच नसते. कुणाला पोट नको असते, कुणाला मूल नको असते, कुणाला ते मूल या जगात कुठेतरी वाढते आहे हे आयुष्यभर मनात बाळगणे नको असते. या तीन स्त्रियांना एकच उत्तर देता येत नाही. ज्या मुलीवर अत्याचार झाला आहे तिला तिसरी गोष्ट असह्य होते. आईचे आयुष्य सुरक्षित आहे, असे वाटसरू म्हणतात, तेव्हा त्यांनी ही गोष्ट विचारात घ्यावी अशी माझी कळकळीची विनंती आहे.

ज्यांना केवळ मूल वाढवणे शक्य नसते, त्यांतल्या काही जणी चौतिसाव्या आठवड्यापर्यंत थांबायला तयार होतात, मात्र त्यासाठी राहायला जागा लागते, गावात बोभाटा होणार नाही याची खात्री लागते आणि मूल दत्तक देण्याची कायदेशीर वाट कोणीतरी नीट समजावून सांगावी लागते. मूल सोपवल्यावर फेरविचारासाठी दोन महिने मिळतात, हेही त्यांना माहीत नसते. आपल्याकडे ही सोय जुनी आहे. फुले दांपत्याने पुण्यात १८६३ मध्ये विधवांसाठी जे प्रसूतिगृह काढले त्यात हीच जागा आणि हीच खात्री दिली होती. हे सारे देण्याची तयारी नसताना ‘थांब’ म्हणणे मला अनैतिक वाटते. आणि एप्रिल २०२४ मध्ये मुंबईच्या चौदा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात दिसले तसे, परवानगी मिळाल्यानंतरही मुलीचे आणि आईवडिलांचे मन बदलू शकते. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने आपलाच आदेश मागे घेतला आणि ते योग्य केले.

तुमच्या गाठीचे उत्तर माझ्याकडे असे आहे. थांबायचे की नाही हे तिने ठरवायचे. जिवंत जन्मलेल्या बाळावर उपचार करायचे की नाही हा निर्णय मात्र माझ्यावर सोपवलेला नाही, ते करायचेच. हृदय थांबवण्याचे इंजेक्शन द्यायचे की नाही याची चर्चा तिच्याशी प्रक्रियेच्या आधी, बालरोगतज्ज्ञ समोर असताना, स्पष्ट शब्दांत झाली पाहिजे आणि ती कागदावर उतरली पाहिजे. दिल्लीच्या प्रकरणात ती परवानगीनंतर झाली, म्हणून त्या बाईला एका आठवड्यात ‘हो’ आणि ‘नाही’ दोन्ही ऐकावे लागले. नियमांनुसार वैद्यकीय मंडळाने तीन दिवसांत मत द्यायचे असते. त्या तीन दिवसांत मंडळाने गर्भाच्या मोजमापांबरोबर त्या स्त्रीचीही समक्ष भेट घ्यावी आणि तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत अहवालात लिहावे, एवढी दुरुस्ती झाली तरी माझ्याकडून मुंबईला पाठवल्या जाणाऱ्या बायकांचे पुष्कळ हाल वाचतील.